शेवटची अकरा पानं

तू पहिल्यांदा "येतो" म्हणालीस
तेव्हा मी मागे वळून पाहिलं,
कोण मुलगा बोलला म्हणून.
मी रत्नागिरीचा. आमच्याकडे पोरी "येते" म्हणतात.
तू हसलीस. "काय फरक पडतोय?
येणार तर आहे की."

सुप्रभा मगदूम, बी.ए. भाग दोन.
गंगावेशीत म्हशीच्या शेजारी उभी राहून
धारोष्ण दुधाचा पेला एका दमात संपवायचीस,
ओठावरची पांढरी मिशी मुद्दाम पुसायची नाहीस.
मला ते दूध उग्र लागायचं,
जनावराच्या अंगासारखं कोमट.
तरी पीत राहिलो. प्रेमातलं त्या वयात
एवढंच कळत होतं: तुला आवडतं ते गिळायचं.

मग भरतेश.
तुझा दादा, उद्यमनगरात लेथवर.
नखांत काळं तेल, शिट्टी मात्र सुरेल.
मंगळवारी डबा न घेता निघाला
आणि उंबऱ्यातून म्हणाला, "जातो."
आई आतून ओरडली, "येतो म्हण रे!"
तो चपलेचा अंगठा सारखा करत होता.
त्यानं ते ऐकलं की नाही,
हे तू मला किती वेळा विचारलंस.
रंकाळ्याच्या कठड्यावर, ग्रंथालयाच्या जिन्यात,
एकदा केएमटीच्या बसमध्ये
कंडक्टरलाही.

सगळे म्हणाले, दुःख आहे, ओसरेल.
ओसरलं की. उन्हाळ्यात तळं खाली जातं
आणि संध्यामठाचे खांब उघडे पडतात,
तसं तुझ्यात काहीतरी दिसायला लागलं,
जे आधीपासून पाण्याखाली होतं.
वेणी घालणं सुटलं. झोप सुटली.
नळ बंद असताना तुला धार ऐकू यायची.

त्याच दिवसांत ती कादंबरी.
जपानी, मराठीत आणलेली, पुठ्ठा सुटलेली.
आळीपाळीनं वाचायचो. आपल्याच वयाची पोरं,
कुणीतरी अचानक गेलेलं, खूप बर्फ,
आणि एक मुलगी, जी रोज रात्री
घरातले दिवे मोजायची.
शेवटची अकरा पानं कुणीतरी फाडून नेलेली.
"ती वाचते का रे?" तू विचारलंस.
मला वाटलं, पुस्तकं वाचते का.
"वाचते की," मी म्हणालो, "भरपूर."
तू इतकी शांत झालीस
की मी पुढं दुरुस्त केलं नाही.

सीपीआरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती रत्नागिरीची.
ज्या इमारतीच्या नावानं शाळेत
आम्ही एकमेकांना चिडवायचो, तिथली.
तू माझ्या गावी, मी तुझ्या.
मध्ये आंबा घाट.

पत्रं यायची. प्रत्येकात नवा शेवट.
एकात ती छत्र्या दुरुस्तीचं दुकान काढते.
एकात म्हातारी होते, फार जाड, फार आनंदात.
एकात नुसतं: दिवे अकरा. आज सगळे लागले.
आणि खाली दर वेळी: येतो. सुप्रभा.

सातव्या पत्रात शेवट नव्हता.
तब्येत बरी. जेवण बरं. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो.
आणि खाली, सुवाच्य अक्षरात: येते.
एक काना तेवढा गळला होता.
शुद्ध होतं ते. माझ्याच गावचं.
मी हॉस्टेलच्या पायरीवर
गार पडत गेलो.

घाट उतरलो तेव्हा उशीर झाला होता.
त्या दिवसाचं मी कुणाला सांगत नाही.
इथंही नाही.

बावीस वर्षं. कोल्हापूर सुटलं नाही.
दूध आता आवडतं.
त्या कादंबरीची नवी आवृत्ती मिळाली, चकचकीत.
घेतली. शेवटची पानं
न बघता पिना मारून टाकल्या.

काल मुलगी क्लासला निघाली.
सायकलची चेन बसवता बसवता ओरडली, "येतो!"
तिची आई नाशिकची. "येते म्हणावं, बाळा."
मी काही बोललो नाही.
फाटकाशी जाऊन
वळणापर्यंत बघत उभा राहिलो,
चेन परत पडते की काय म्हणून.